हशा पिकतो, थट्टा उडते

आषाढात भोरहून वेल्ह्याकडे जाताना एखाद्या भातखाचराच्या कडेला क्षणभर थांबावे, तर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बायांच्या रांगेत कोणी तरी काही बोलून जाते आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत हशा पिकतो. हशा ‘उगवला’ असे कोणी म्हणत नाही, ‘झाला’ म्हटले तर फिके वाटते. आणि ज्या मुलखाचा जमाखर्च पिढ्यान्‌पिढ्या भातावर चालत आला, तेथे या क्रियापदाचा ओलावा काही निराळाच जाणवतो.

शब्दांच्या अशा नित्य सोबतीला शब्दसाहचर्य म्हणता येईल. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात काही वर्षे इंग्रजीचे अध्यापन केलेले ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली असे प्रतिपादन केले की, शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते. विनोदाच्या परिवारातील शब्दांना ही कसोटी लावली की मराठीचा स्वभाव उघड होतो. हशा पिकतो, खसखसही पिकते. परंतु थट्टा, टर, खिल्ली, रेवडी या साऱ्या उडवल्या जातात, जशी एखाद्याची भंबेरी उडते. पिकलेल्या हशात सगळेच वाटेकरी असतात. उडवलेल्या थट्टेत कोणी तरी एकटा पडतो. हा भेद कोणत्याही व्याकरणाने शिकविलेला नाही, दोन साध्या क्रियापदांनी तो सांभाळला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

विशेषणांचेही असेच. स्मित मंद असते, हास्य विकट किंवा छद्मी. फारसी ‘दिल’ घेऊन आलेला दिलखुलासपणा हसण्याला शोभतो, ‘दिलखुलास स्मित’ मात्र कानाला खटकते. इंग्रज निर्विकार चेहऱ्याने केलेल्या विनोदाला ‘ड्राय’ म्हणतो; त्याचा ‘कोरडा विनोद’ केला, तर मराठी वाचक तो नीरस समजेल, कारण आपला विनोद खुसखुशीत असतो, आणि बिघडलाच तर पाणचट होतो.

हे खटकणे मोजताही येते. १९८० साली अमेरिकेत मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवून दिले की, वाक्याच्या अखेरीस अर्थाशी विसंगत शब्द वाचनात आला, की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत्‌-आलेखात एक ऋण लहर उमटते. शब्द जितका अनपेक्षित, तितकी ती मोठी, हे पुढील प्रयोगांत दिसले. म्हणजे ‘हशा’ कानी पडताच खाचरातल्या त्या बाईच्या मनात ‘पिकला’ आधीच जागा धरून बसलेला असतो.