तरुणांची सेवा कीं तरुणांची शिकार?

ख्रिस्ती मंडळ्यांनीं तरुणांसाठीं चालविलेल्या व्यायामशाळा, वसतिगृहें व वाचनालयें पाहून आमच्यांतील पुष्कळ गृहस्थ एकच शेरा मारतात, तो हा कीं, हें सारें गळास लावलेलें आमिष होय. हा शेरा सर्वस्वीं खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या तत्त्वावर हें कार्य उभें राहिलें तें समजून न घेतां त्यास नांवें ठेवणें विचारी माणसास शोभत नाहीं.

या कार्याचा एक मोठा प्रवाह धर्मपीठांत नव्हे, तर कापडाच्या दुकानांत उगम पावला, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. लंडनांत सेंट पॉलच्या देवळाजवळील एका पेढीवर जॉर्ज विल्यम्स हा बावीस वर्षांचा गुमास्ता होता. त्या काळीं तेथील गुमास्ते दिवसाचे बारा-चौदा तास राबत, दुकानाच्या माडीवरच दाटीवाटीनें निजत, आणि उरलेला वेळ गुत्त्यांत घालवीत. ता. ६ जून १८४४ रोजीं विल्यम्स व त्याचे सोबती यांनीं 'यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन' स्थापिली. आरंभीं तेथें प्रार्थना व बायबलवाचन एवढेंच होतें. आमच्या पेढ्यांच्या माळ्यावर निजणाऱ्या पोरांची अशी चौकशी आमच्यापैकीं कितीजणांनीं केली?

पुढें १८५५ सालीं पॅरिस येथें अनेक देशांतील मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले. येशूस देव व तारक मानणारे, श्रद्धेनें व आचरणानें त्याचे शिष्य होऊं इच्छिणारे जे तरुण, त्यांनीं एकत्र येऊन त्याचें राज्य तरुणांत वाढवावें, असा पाया त्यांनीं घातला. इतर मतभेदांमुळें स्नेहांत बाधा येऊं नये, हेंही ठरलें. आपले अनुयायी एक व्हावेत, ही योहानाच्या शुभवर्तमानांतील येशूची प्रार्थना या मंडळीचें बोधवाक्य झाली.

पण देवाचें राज्य आणि तालीम यांचा संबंध काय? तो ख्रिस्ती मताच्या गाभ्यांतच आहे. ईश्वर मनुष्यदेह धारण करून आला असें मानणाऱ्यास देह तुच्छ म्हणतां येत नाहीं. शरीर हें पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, असें पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेंच आहे. १८९१ सालीं ल्यूथर गुलिक यानें आत्मा, बुद्धि व शरीर यांचा त्रिकोण मंडळीचें चिन्ह म्हणून पुढें मांडला. त्याच वर्षीं अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें त्याच्याच प्रेरणेनें जेम्स नेस्मिथ यानें बास्केटबॉलचा खेळ काढला. धर्मशास्त्राच्या पोटीं चेंडूचा खेळ जन्मावा, याचें हंसूं येईल. पण तें खरें आहे.

तत्त्व उंच असलें तरी आचरण तितकें उंच राहिलें नाहीं. १८६९ सालीं पोर्टलंड येथें अमेरिकन मंडळ्यांनीं ठरविलें कीं, मताचा अधिकार 'इव्हँजेलिकल' पंथीयांनाच असावा. म्हणजे सर्वांच्या ऐक्याची प्रार्थना मुखीं आणि कॅथलिक दाराबाहेर! त्याहून लाजिरवाणी गोष्ट वर्णभेदाची. तेथें निग्रो तरुणांसाठीं निराळ्या शाखा होत्या, आणि हा भेद मोडण्याचा ठराव राष्ट्रीय मंडळानें केला तो १९४६ सालीं. अस्पृश्यतेबद्दल आम्हांस शिकवूं पाहणाऱ्यांस हें दाखविणें भाग आहे. मात्र त्यानें आमचें पाप हलकें होत नाहीं.

आमिषाच्या आरोपास खरें उत्तर हिंदी ख्रिस्त्यांनींच दिलें. याच मंडळीचे जुने कार्यवाह, तमिळ देशचे व्ही. एस्. अझारिया, यांनीं १९१० सालीं एडिंबरो येथील मिशनरी परिषदेंत पाश्चात्यांस तोंडावर सांगितलें कीं, तुम्हीं आमच्यासाठीं द्रव्य दिलें, देह झिजविले. आम्हांस आतां मित्र हवे आहेत. महाराष्ट्रांत कवि नारायण वामन टिळक एक पाऊल पुढें गेले. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांसही जागा ठेविली. दोन वर्षांत, १९१९ सालीं, ते वारले.