पत्र्यातून उतरणारी अक्षरे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा पार पडून, तोलाई, हमाली व अडत यांचा हिशेब वहीत रुजू झाल्यावर, तागाची पोती परगावी रवाना होण्यापूर्वी त्यांच्या अंगावर पत्र्याच्या छाप्याने जो मार्का उमटविला जातो, त्याकडे अक्षरशिल्प म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे अद्याप आलेली नाही. वस्तुतः नागरी लिपीच्या ठळक, दर्शनी अक्षरांचा इतका खडतर कस अन्य माध्यमात क्वचितच लागत असेल.

छाप्याचा कायदा एकच, परंतु तो कठोर आहे. पातळ पत्र्यातून अक्षराचे अंग कापून काढावयाचे आणि त्या मोकळ्या जागेतून शाईचा कुंचा फिरवावयाचा. साहजिकच, चहूबाजूंनी रेषेने वेढलेला भाग कोठेतरी पत्र्याशी सांधलेला राहिला नाही, तर तो गळून पडतो आणि अक्षराच्या पोटात काळा डाग उमटतो. ‘सांगली’ हा शब्दच घ्या. ‘स’चा डावा अवयव, मधला दुवा, उजवा दंड आणि वरची शिरोरेषा यांच्यामध्ये एक बंद कप्पा होतो, ‘ली’च्या वेलांटीची कमान शिरोरेषेला टेकते तेथे दुसरा. ‘ग’ खालून मोकळा, म्हणून निर्धास्त. ‘हळद’ लिहावयाची, तर ‘ळ’ची वेटोळी पुन्हा अडचणीत टाकतात. सांधा नेमका कोठे राखावा, यातच कारागिराचे सारे चातुर्य आहे.

अमेरिकेत 1937 साली गेरी पॉवेल यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी आणि रॉबर्ट हंटर मिडलटन यांनी लडलो कंपनीसाठी ‘स्टेन्सिल’, म्हणजे छापा, या एकाच नावाचे दोन टंक सिद्ध केले. पॉवेल यांच्या टंकात केवळ मोठी अक्षरे आहेत. त्यांचे दंड जाड, टोकांचे सेरिफ भरदार, आणि ‘ओ’सारखे वर्तुळ वर व खाली, म्हणजे रेषा जेथे बारीक होते तेथेच, दुभंगलेले. खंड पडला तो अशक्त जागी, म्हणून अक्षराचा डौल अबाधित राहिला.

आपल्या लिपीलाही बोरूच्या तिरक्या टोकाने जाड-बारीक रेषेचा वारसा दिला आहेच. शिवाय ‘ध’ आणि ‘भ’ यांची शिरोरेषा परंपरेनेच खंडित आहे. तेव्हा ‘स’च्या दंडाच्या डावीकडे शिरोरेषा किंचित तोडली, तर लिपीचा दस्तूर मोडत नाही, उलट तो पुढे चालतो. रोमन टंकाचे उभे चिरे जसेच्या तसे नागरीवर लादणे मात्र मला सर्वथा गैर वाटते.

धातूच्या पत्र्यावर नागरी कोरण्याचे कसब या मुलखाला नवे नाही: जवळच्या मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 साली तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली होती. आज प्लॅस्टिकच्या पोत्यांवर मजकूर कारखान्यातूनच छापून येतो. म्हणून सांगली-साताऱ्याच्या पेठांतील जुने छापे अडगळीतून भंगारात जाण्याआधी त्यांचे ठसे कागदावर घेऊन ठेवणे अगत्याचे आहे. त्यात अंकांचे छापे वगळू नयेत. शून्याला तर एकच सांधा दिला, तर कुंच्याच्या दाबाखाली आतला तुकडा वाकतो व शाई खाली झिरपते. वर एक आणि खाली एक असे दोन सांधे दिले, म्हणजे पोत्यावरचे वजन स्वच्छ वाचता येते.