भोपाळची हॉकी

भोपाळ म्हटले की मराठी माणसास प्रथम आठवतो थोरला बाजीराव. १७३७ च्या डिसेंबरात त्याने निजामाला येथे कोंडले आणि जानेवारीत दुराईसराईचा तह लिहून घेतला. त्यानंतर दोन शतकांनी या तलावांच्या शहराने हॉकीच्या मैदानावर नाव मिळविले. त्याची वार्ता मात्र आपल्याकडे फारशी पोचलेली नाही.

संस्थानचे अखेरचे नवाब हमीदुल्ला खान स्वतः पोलोचे नामांकित खेळाडू होते. त्यांच्या कारकीर्दीत, १९३१ साली, त्यांचे दिवंगत बंधू ओबेदुल्ला खान यांच्या नावाने सुवर्णचषकाची स्पर्धा सुरू झाली. अशा स्पर्धेचा खरा लाभ चषकात नसतो. बाहेरगावचे कसलेले संघ दारी येऊन खेळू लागले, की गल्लीतल्या पोरांना उत्तम खेळ डोळ्यांनी पाहावयास मिळतो आणि स्थानिक क्लबांना त्यांच्यापुढे उभे राहावे लागते. राजाश्रय आणि गल्ली यांचा असा मेळ क्वचितच जमतो. भोपाळात तो जमला. ‘भोपाळ वाँडरर्स’ हे नाव देशभर झाले. १९३६ साली ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली बर्लिनला गेलेल्या विजयी संघात भोपाळचे अहसान मोहम्मद खान आणि अहमद शेर खान हे दोघे होते.

१९४८ साली लंडनला स्वतंत्र भारताने ब्रिटनचा चार गोलांनी पराभव करून सुवर्णपदक घेतले. त्या संघातही भोपाळचे दोन खेळाडू होते, लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन. फाळणी होऊन तेव्हा वर्ष लोटले होते. पुढे दोघेही पाकिस्तानात गेले. १९५६ मध्ये मेलबर्नला भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानवर एका गोलाने विजय मिळविला, तेव्हा हे दोघे पाकिस्तानच्या संघात होते. आठ वर्षांपूर्वीचे सुवर्ण भारताचे, आताचे रौप्य पाकिस्तानचे, आणि खेळ शिकविणारी माती एकच! यात कोणास दोष द्यावा?

अहमद शेर खान यांचे पुत्र अस्लम मात्र भारताकडूनच खेळले. १९७५ च्या विश्वचषकात, क्वालालंपूर येथे, मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पाच मिनिटे उरली असता भारत एका गोलाने मागे होता. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या अस्लम यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. भारत जादा वेळेत जिंकला. अंतिम सामन्यात पाकिस्तानवर निर्णायक गोल केला तो अशोककुमार यांनी. हे ध्यानचंदांचे चिरंजीव. म्हणजे बर्लिनला बाप एका संघात, क्वालालंपूरला मुलगे!

पुढील वर्षी मात्र खेळाची जमीनच बदलली. उंचसखल मातीवर चेंडू कोठे उसळेल याचा नेम नसतो. म्हणून तो काठीला चिकटवून मनगटाच्या हिसक्याने चुकवीत न्यावा लागतो. आपल्या खेळाडूंची सारी कला यातूनच घडली होती. कृत्रिम हिरवळीवर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. तेथे मनगटापेक्षा दमसास आणि जोरकस फटका यांचे मोल अधिक. शिवाय अशा मैदानाचा खर्च मोठा. गल्लीत ते अंथरता येत नाही. १९७६ मध्ये माँट्रियल येथे ऑलिंपिकची हॉकी प्रथमच अशा मैदानावर झाली. भारत सातवा आला. अस्लम शेर खान आणि अशोककुमार दोघेही त्या संघात होते.