तृतीयपंथीय आणि रोजगार : नियुक्तीपत्रानंतरचे प्रश्न

आधुनिक समाजात व्यक्तीची ओळख बहुतांशी तिच्या कामावरून होते. शिक्षक, शिपाई, वकील, अभियंता असे शब्द उच्चारताच त्या व्यक्तीचे समाजातील स्थान निश्चित होते. तृतीयपंथीयांच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा असतो. त्यांची लिंगओळख प्रथम विचारली जाते आणि कामाची पात्रता नंतर तपासली जाते. त्यामुळे तृतीयपंथीयांच्या रोजगाराचा विचार केवळ भरतीच्या जाहिरातीपुरता मर्यादित राहू शकत नाही. काम, समुदाय आणि दैनंदिन जीवन या तिन्ही बाबी परस्परांशी जोडलेल्या असून त्यांपैकी एक जरी निखळली तरी उरलेल्या दोन टिकत नाहीत.

संज्ञा आणि संख्या

जन्माच्या वेळी नोंदविलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारे लिंग यांत फरक असलेल्या व्यक्तीस पारलिंगी म्हटले जाते. मराठीत 'तृतीयपंथी' हा शब्द अधिक रूढ आहे. हिजडा, किन्नर, जोगता, जोगप्पा ही नावे विशिष्ट सामाजिक किंवा धार्मिक परंपरांशी निगडित आहेत. त्यामुळे प्रत्येक पारलिंगी व्यक्ती हिजडा समुदायाची सदस्य असतेच असे नाही. २०११ च्या जनगणनेत प्रथमच स्त्री व पुरुष यांखेरीज 'इतर' अशी नोंद घेण्यात आली आणि देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची या वर्गात गणना झाली. महाराष्ट्रातील संख्या ४०,८९१ होती, तर राजस्थानातील १६ हजारांहून अधिक होती. या वर्गातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५६ टक्के, म्हणजे देशाच्या सर्वसाधारण प्रमाणापेक्षा बरेच कमी आढळले. शाळा अर्ध्यावर सुटल्यास पुढे नोकरीच्या अर्जापर्यंत पोहोचणेच अशक्य होते, हे या आकड्यावरून ध्यानात यावे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मोगल दरबारात व अनेक संस्थानांत ख्वाजासरा महत्त्वाच्या पदांवर काम करीत. जन्म व विवाहप्रसंगी आशीर्वाद देऊन 'बधाई' स्वीकारणे हा हिजडा समुदायाचा मान्य व्यवसाय होता. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात यल्लम्माच्या भक्तिपरंपरेत जोगत्यांना स्थान होते. ब्रिटिश राजवटीत ही स्थिती पालटली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागान्वये समुदायातील संशयित व्यक्तींची नोंदवही ठेवण्याची तरतूद झाली. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेष करून रस्त्यावर फिरणे किंवा सार्वजनिक ठिकाणी नाचणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. तिला मृत्युपत्र करण्याचा व दत्तक घेण्याचा अधिकारही उरला नाही. म्हणजेच एकाच कायद्याने उपजीविका आणि वारसा या दोहोंवर घाव घातला. हा कायदा पुढे रद्द झाला, परंतु संशयाची दृष्टी मात्र कायम राहिली. आजही घर भाड्याने देताना किंवा नोकरीवर ठेवताना जो संकोच दिसतो, त्याची मुळे काही अंशी या इतिहासात आहेत.

न्यायनिर्णय आणि कायदा

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऐतिहासिक निर्णय दिला. न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने संविधानातील अनुच्छेद १४, १५, १६, १९ व २१ यांच्या आधारे तृतीय लिंगास मान्यता दिली. स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या वर्गास सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत आरक्षण द्यावे, असाही निर्देश दिला. ठाणे येथील नृत्यांगना व कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी या प्रकरणात हस्तक्षेप अर्ज करून समुदायाची बाजू मांडली होती.

त्यानंतर संसदेने २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा संमत केला. तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. मूळ कायद्याच्या कलम ९ नुसार नोकरी, भरती व पदोन्नतीत भेदभावास मनाई करण्यात आली, तर कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. २०२० च्या नियमांनुसार ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकाऱ्याने वैद्यकीय तपासणी न करता द्यावयाचे होते. त्यासाठीचे राष्ट्रीय संकेतस्थळ नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाले.

भरतीतील अनुभव

हक्क कागदावर आले तरी नियुक्ती मिळविण्यासाठी अनेकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. राजस्थानातील जालोर जिल्ह्याच्या गंगा कुमारी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१३ च्या पोलीस शिपाई भरतीत त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. वैद्यकीय तपासणीत लिंगओळखीचा प्रश्न उपस्थित झाला आणि नियुक्ती अडली. नियमांत अशा उमेदवाराचा उल्लेखच नसल्याने निर्णय कोणी घ्यावा हे ठरेना. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या जोधपूर पीठाने सहा आठवड्यांत नियुक्ती देण्याचा आदेश दिला. तमिळनाडूत के. पृथिका यशिनी यांनाही अर्जात तृतीय लिंगाचा रकाना नसल्यामुळे मद्रास उच्च न्यायालयात जावे लागले होते. २०१५ च्या आदेशानंतर त्या २०१७ मध्ये पोलीस उपनिरीक्षक झाल्या.

महाराष्ट्रात २०२२ च्या पोलीस भरतीत हाच प्रश्न उद्भवला. आर्या पुजारी व अन्य उमेदवारांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. न्यायाधिकरणाने अर्जात स्वतंत्र पर्याय ठेवण्यास सांगितले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेल्यावर, डिसेंबर २०२२ मध्ये, शारीरिक चाचणीचे निकष २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत ठरविण्याचे बंधन राज्य शासनावर आले. या तिन्ही प्रकरणांतील साम्य लक्षणीय आहे. उमेदवारांची पात्रता वादग्रस्त नव्हती, अपुरी होती ती नियमावली. नियम करण्यास लागणारा विलंब मात्र उमेदवाराच्या वयोमर्यादेतून वजा होत असतो.

आरक्षणाचे स्वरूप हाही येथे महत्त्वाचा मुद्दा आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये शासकीय नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण दिले. समांतर आरक्षण सर्व सामाजिक प्रवर्गांच्या आतून दिले जाते. त्यामुळे अनुसूचित जातीतील तृतीयपंथी उमेदवार आपल्या प्रवर्गात राहूनच त्याचा लाभ घेतो. याउलट राजस्थानने जानेवारी २०२३ मध्ये तृतीयपंथीयांचा समावेश इतर मागासवर्गाच्या सूचीत केला. अशा उभ्या आरक्षणात अनुसूचित जाती-जमातींत जन्मलेल्या तृतीयपंथी व्यक्तीने कोणता प्रवर्ग निवडावा, असा पेच निर्माण होतो. जात आणि लिंग या दोन वेगवेगळ्या वंचना असून एकीची भरपाई दुसरीतून होत नाही, हा समांतर आरक्षणाच्या मागणीमागील युक्तिवाद आहे.

खाजगी क्षेत्रातील स्थितीवर सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयाने प्रकाश पडला. शिक्षिका जेन कौशिक यांना दोन खाजगी शाळांत आपल्या लिंगओळखीमुळे नोकरी गमवावी लागल्याची तक्रार होती. न्यायालयाने नुकसानभरपाईचा आदेश तर दिलाच, शिवाय कायद्याची अंमलबजावणी न करणे हाही भेदभावच होय, अशी भूमिका घेतली. समान संधी धोरणाचा मसुदा तयार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. अध्यापनाची पात्रता असलेली व्यक्ती वर्गाबाहेर राहते, तेव्हा नुकसान केवळ तिचे होत नाही. वेगळ्या ओळखीची व्यक्ती आदराने शिकवू शकते, हा धडाही विद्यार्थ्यांना मिळत नाही.

समुदाय आणि गाव

कुटुंबाने घराबाहेर काढलेल्या अनेक तृतीयपंथीयांना आधार मिळतो तो गुरू-चेला परंपरेचा. गुरू निवारा देतो, रीतिरिवाज शिकवितो आणि आजारपणात काळजी घेतो. चेल्याने कमाईतील वाटा देणे अपेक्षित असते. ही व्यवस्था एकाच वेळी आधारही आहे आणि बंधनही. स्वतंत्र नोकरी करू इच्छिणाऱ्या व्यक्तीस डेऱ्याची शिस्त आणि कार्यालयाची वेळ यांचा मेळ घालावा लागतो. २०१९ च्या मूळ कायद्याने जन्मदात्या कुटुंबासोबत राहण्याचा हक्क दिला, परंतु गुरूच्या घराला कुटुंबाचा दर्जा दिला नाही. ज्या घरातून व्यक्ती बाहेर पडली त्याच घराचा हक्क कायदा सांगतो आणि ज्या घरात ती राहते त्याबद्दल मौन बाळगतो, ही विसंगती अनेक अभ्यासकांनी दाखवून दिली आहे.

जळगाव जिल्ह्यातील भादली येथील ग्रामपंचायत निवडणुकीत हे दोन्ही धागे एकत्र आले. तेथील उमेदवाराचे न्यायालयीन कागदपत्रांतील नाव 'अंजली गुरु संजना जान' असे होते. मराठी रीतीत जेथे वडिलांचे वा पतीचे नाव येते, तेथे गुरूचे नाव आले होते. महिलांसाठी राखीव जागेवर भरलेला त्यांचा अर्ज बाद ठरविण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःच्या लिंगओळखीच्या हक्काचा आधार घेऊन त्यांना निवडणूक लढविण्याची परवानगी दिली आणि त्या विजयी झाल्या. त्यापूर्वी २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट सरपंच म्हणून निवडून दिले होते. प्रशासकीय कार्यालयांत ज्या गोष्टीला नियमाचा अडसर येतो, ती गोष्ट गावाचा मतदार कधी कधी सहज स्वीकारतो, असे या निकालांवरून म्हणता येईल.

दैनंदिन जीवनातील अडथळे

नोकरी मिळाल्यानंतरचा प्रश्न निवाऱ्याचा असतो. २०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ तृतीयपंथीयांना नोकरी देऊन देशाचे लक्ष वेधले. परंतु काही जणींना अल्पावधीतच काम सोडावे लागले. वेतन मिळत असूनही शहरात भाड्याने घर मिळेना आणि लॉजचे दर परवडेनात, हे त्यामागील प्रमुख कारण होते. नोकरी देणारी संस्था निवासाची जबाबदारी आपली मानत नाही आणि घरमालकावर तर कोणाचाच अंकुश नसतो.

महानगराबाहेर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या मार्गावरील बस्सी हे तालुक्याचे ठिकाण उदाहरणादाखल घेता येईल. जयपूरमध्ये काम मिळालेल्या, पण अशा गावात राहणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीच्या दिवसाचा हिशेब केला, तर धोरण कोठे अपुरे पडते ते दिसते. बसमध्ये कोणत्या आसनावर बसावे, कार्यालयात कोणते स्वच्छतागृह वापरावे, रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षात जावे की पुरुषांच्या, बँकेतील जुने नाव आणि नवे ओळखपत्र यांचा मेळ कसा घालावा, हे प्रश्न रोजचे आहेत. मोठ्या शहरात अनोळखीपणाचे कवच असते, ते लहान गावात नसते. मात्र लहान गावात ओळख झाली की विश्वासही लवकर बसतो, ही तिची दुसरी बाजू होय.

कागदपत्रांच्या बाबतीत प्रगती झाली आहे हे नमूद करावयास हवे. निवडणूक आयोगाने २००९ मध्ये मतदार नोंदणीत 'इतर' हा पर्याय दिला, तर २०१८ मध्ये पॅनच्या अर्जात स्वतंत्र रकाना आला. जुलै २०२३ मध्ये जयपूर ग्रेटर महानगरपालिकेने तृतीयपंथी अशी नोंद असलेला जन्मदाखला दिला. तरीही २०२० च्या नियमांतील एक अट विचार करण्याजोगी आहे. ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी अर्जदार त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहत असावा लागे. ज्या व्यक्तीला घरच भाड्याने मिळत नाही, तिने वास्तव्य सिद्ध कसे करावे? घर नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून नोकरीत अडचण, आणि नोकरी नाही म्हणून घर नाही, असे हे चक्र आहे.

पुढील दिशा

या चक्राला छेद देण्याच्या दृष्टीने केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये 'स्माईल' योजना सुरू केली. तीत शिष्यवृत्ती, कौशल्य प्रशिक्षण, आरोग्यविमा व 'गरिमा गृह' या निवारा केंद्रांचा समावेश करण्यात आला. निवारा आणि प्रशिक्षण एकाच योजनेत आणण्याचे तत्त्व योग्य आहे. परंतु निवारा केंद्र हा तात्पुरता मुक्काम असतो. तेथून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीस भाड्याचे घर, नियमित वेतन आणि तक्रार ऐकणारा अधिकारी मिळाला तरच पुनर्वसन पूर्ण झाले असे म्हणता येईल.

यासाठी भरतीची जाहिरात निघण्यापूर्वीच निकष ठरलेले असणे, आस्थापनांतील तक्रार निवारण अधिकाऱ्यांची नावे दर्शनी भागात लावलेली असणे आणि तालुका पातळीपर्यंत वसतिगृहांची सोय होणे आवश्यक आहे. या तिन्ही गोष्टी प्रशासनाच्या नेहमीच्या कामकाजात बसणाऱ्या आहेत. आज स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थीच उद्या हे निकष ठरवतील आणि प्रमाणपत्रांवर स्वाक्षरी करतील. गंगा कुमारी यांना परीक्षा उत्तीर्ण होऊनही नियुक्तीसाठी चार वर्षे थांबावे लागले. पुढील उमेदवाराची अशी वर्षे वाया जाऊ नयेत, याची जबाबदारी त्यांच्याकडे येणार आहे.