कामठा की कामठी? एकट्या वाहनचालकाने ध्यानात ठेवावयाची गोष्ट

व्यापार म्हटला की प्रवास आलाच. ज्यांचे दुकान मोठ्या पेठेत आहे त्यांच्याकडे गिऱ्हाईक आपल्या पायाने येते. परंतु आपल्यापैकी पुष्कळांचे दुकान चाकांवर आहे. कापडाचे गठ्ठे, बांगड्यांच्या पेट्या, चपला, भांडी, फळे, गाद्या भरण्याचे सामान किंवा वेल्डिंगचे यंत्र छोट्या टेम्पोत नाही तर मोटारसायकलीवर लादून बाजारामागून बाजार करणारे कितीतरी बंधू आम्ही रोज पाहतो. पहाटे निघायचे, रात्री परतायचे. सोबतीला माणूस घ्यावा तर त्याची रोजी द्यावी लागते, म्हणून जाणे-येणे एकट्यानेच. अशा एकट्या माणसावर वाटेत प्रसंग ओढवला तर त्याने काय करावे, याविषयी आज लिहावयाचे आहे.

आम्हाला हा विषय सुचला तो एका अनुभवावरून. काही वर्षांपूर्वीची हिवाळ्यातली रात्र. धानाची कापणी आटोपून मळणी चालू होती. आम्ही कामठ्याच्या बाजूने गोंदियाकडे एकटेच परतत होतो. रस्त्याच्या कडेला धानाची पोती भरलेली एक ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल काच नाही. आमच्या पुढे असलेला मोटारसायकलवाला तरुण तिच्यावर जाऊन आदळला. तोही बाजार करून घरी निघालेला; मागे बांधलेला तयार कपड्यांचा गठ्ठा फुटून माल रस्त्यावर पसरला.

आम्ही गाडी कडेला घेतली आणि मदतीसाठी फोन लावला. फोन लगेच उचलला गेला.

“कुठून बोलताय?”

“कामठ्याहून.”

“कामठी का? नागपूरजवळची?”

“नाही हो, कामठा! गोंदियाकडे येताना, पुलाच्या अलीकडे.”

“तालुका कोणता? पूल कोणता?”

आमची जीभ वळेना. त्या पुलावरून आम्ही शेकडो वेळा गेलो असू, पण त्याचे नाव काय आणि तो कोणत्या दोन गावांच्या मध्ये आहे हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. इतक्यात शेतातून एक वयस्क शेतकरी धावत आले. त्यांनी फोन हाती घेतला आणि जिल्हा, तालुका, मागचे गाव, पुढचे गाव, जवळची शाळा असे एका दमात सांगून टाकले. गाडी आली. तरुण वाचला. पायात सळई घालावी लागली, पण पुढच्या हंगामात तो पुन्हा बाजाराला लागला. फोन घेणाऱ्याकडून काही चूक झाली नव्हती. चूक आमची होती. आम्ही मदत मागितली, पण ती कुठे हवी हे सांगितले नाही.

नावांचा घोटाळा

कामठा हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेले गाव. तेथील जुन्या जमीनदारीमुळे त्याचे नाव इतिहासातही आले आहे. जवळच बिरसीचा विमानतळ आहे. पण हे सारे आपल्याला ठाऊक. फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला ते ठाऊक असेलच असे नाही. राज्यात ११२ क्रमांकाची केंद्रे नवी मुंबई आणि नागपूर येथे आहेत. १०८ च्या रुग्णवाहिका सेवेचे केंद्र पुण्यात चालत आले आहे. नागपूरच्या माणसाला कामठा म्हणताच कामठी आठवणार, कारण १८२१ मध्ये वसलेली ती छावणी त्याच्या शेजारी आहे. नवी मुंबईच्या माणसाला पनवेलजवळचे कामोठे आठवणार. शिवाय कामठा नावाचे गाव नांदेड जिल्ह्यातही आहे. कामठी आणि आपला कामठा यांच्यात शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. गाडी तिकडे निघाली तर येथे पडलेल्या माणसाचे काय?

ही गोष्ट एका कामठ्यापुरतीच नाही. आपल्या जिल्ह्यातले गोरेगाव म्हटले की मुंबईचे गोरेगाव आठवते. अर्जुनी म्हटले तर सडक अर्जुनी की अर्जुनी मोरगाव? दोन्ही तालुके याच जिल्ह्यातले. म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की मदत मागताना गावाचे नाव शेवटी घ्यावे. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. “जिल्हा गोंदिया, तालुका गोंदिया, गाव कामठा” असे म्हटले की घोटाळ्याला जागाच राहत नाही.

सरहद्दीवर तर राज्याचे नावही आधी सांगावे. बाघ नदीपलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा आहे आणि देवरीपलीकडे छत्तीसगड लागते. नदीकाठी किंवा जंगलात फोन कधी कधी पलीकडच्या टॉवरला जोडला जातो. तेव्हा ११२ चा फोन दुसऱ्या राज्यात लागण्याचा संभव असतो. समोरून हिंदीत विचारणा झाली तर गोंधळू नये. “महाराष्ट्र, जिला गोंदिया” असे आरंभीच सांगावे.

ठिकाण कसे सांगावे?

रस्त्यावर एकटे असताना आपण नेमके कुठे आहोत हे कळण्याच्या खुणा पुष्कळ असतात. त्या पाहण्याची सवय मात्र हवी. पहिली खूण किलोमीटरच्या दगडाची. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. त्यावरील गावाचे नाव आणि आकडा वाचून सांगावा. दुसरी खूण विजेच्या खांबावरील किंवा रोहित्रावरील क्रमांकाची. तिसरी खूण शाळा, राईस मिल, पेट्रोल पंप, मशीद, मंदिर यांची. आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे मागे कोणते गाव सोडले व पुढे कोणते येणार, हे मनात धरून चालावे.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी नकाशात आपले ठिकाण कसे पाहावे आणि ते दुसऱ्याला कसे पाठवावे हे घरी बसून मुलांकडून शिकून घ्यावे. इंटरनेट नसेल तेथेही साधा एसएमएस पुष्कळदा जातो, हेही ध्यानात असू द्यावे.

कोणता क्रमांक कशासाठी?

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांपैकी कशाचीही गरज असली तरी ११२ हा एक क्रमांक पुरे आहे. फोनला कुलूप असले तरी तो लावता येतो, आणि आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. म्हणून “रेंज नाही” असे समजून प्रयत्न सोडू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. राज्यात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे साकोली-देवरीच्या रस्त्यावर, गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३ आहे. वन्यप्राण्याला धडक बसली किंवा तो वाटेत अडून बसला तर वनविभागाचा १९२६ आहे. नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झालेला आहे, आणि त्या पट्ट्यातून रात्री जाणाऱ्याला या क्रमांकाची गरज केव्हाही पडू शकते.

बोलता येणे शक्य नसेल अशीही वेळ येते. त्यासाठी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये मदतीचे बटण असावे असा नियम झाला. साध्या फोनवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरावे लागते. स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याचे बटण भराभर तीन वेळा, काही फोनवर पाच वेळा दाबावे लागते. आपल्या फोनवर काय आहे ते आजच पाहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. मदतीचा फोन झाल्यावर लगेच नातेवाईकांना फोन करण्याचा आपला स्वभाव असतो. पण गाडीचा चालक वाट विचारण्यासाठी आपल्याच फोनवर परत फोन करतो. तो अनोळखी क्रमांकावरून येईल. तो उचलावा आणि गाडी पोहोचेपर्यंत फोन मोकळा ठेवावा.

निघण्यापूर्वी आणि वाटेत

घरून निघताना कोणत्या वाटेने जाणार आणि अंदाजे किती वाजता परतणार, एवढे घरच्यांना सांगण्यात कमीपणा नाही. वाट बदलली तर तेही कळवावे. स्टेपनीत हवा, जॅक, पाना, बॅटरी, पाणी आणि फोन भरण्याची वायर गाडीत असावी. लाल त्रिकोण मालाखाली दडपून न ठेवता हाताशी ठेवावा. रमजानमध्ये इफ्तारच्या घाईत गाडी पळवणारे बंधू आम्ही पाहतो. खजूर आणि पाण्याची बाटली सोबत ठेवली तर घाईचे कारणच उरत नाही. वेळ झाली की गाडी कडेला लावून रोजा सोडता येतो.

आपल्या भागात कापणीच्या दिवसांत दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉल्या, रस्त्यावर पसरलेली तणस, पहाटेचे धुके आणि बसलेली जनावरे ही मोठी धोक्याची ठिकाणे. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. माल भिजला तर तोटा भरून निघतो. झोप आली तर पंपावर किंवा धाब्यावर अर्धा तास डोळा लावावा. आणि चालवताना फोन कानाला लावू नये, कारण ज्या फोनने जीव वाचतो त्याच फोनने तो जातोही.

बाजाराची रोकड एका जागी ठेवू नये आणि चहाच्या टपरीवर मोजू नये. “टायर बसला आहे”, “तेल गळते आहे” असे कोणी चालत्या गाडीतून ओरडून सांगितले तर सामसूम जागी न उतरता वस्तीपर्यंत किंवा पंपापर्यंत जावे. गाडी बंदच पडली तर डाव्या कडेला लावून चारही इंडिकेटर चालू करावेत, त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि स्वतः गाडीच्या मागे उभे न राहता रस्त्यापासून दूर व्हावे.

अपघात झाला तर पळू नये

हे लिहिणे अवघड आहे, पण लिहिले पाहिजे. परगावी, एकट्याने, रात्रीच्या वेळी आपल्या हातून कोणाला धडक बसली तर पहिली भीती जमावाची वाटते. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. कायद्यानेही ती ओळखली आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते, की चालकाने जखमीला उपचार मिळतील अशी व्यवस्था केली पाहिजे. मात्र जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर त्याला सवलत आहे. पण पोलिसांना कळवण्यातून सवलत नाही. जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, खबर दिली पाहिजे. विमा कंपनीलाही कळवले पाहिजे. म्हणून जागेवर थांबणे खरोखरच धोक्याचे असेल तर निघतानाच ११२ लावून जखमी कुठे आहे ते सांगावे आणि सरळ ठाणे गाठावे. फोन केल्याची वेळ नोंदली जाते, आणि पुढे तीच आपल्या बाजूची साक्ष ठरू शकते. गपचूप घरी निघून जाणाऱ्याच्या बाजूने मात्र काहीच उरत नाही.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर “पोलिसांचे झेंगट नको” म्हणून पुढे जाणारे पुष्कळ आहेत. ती भीती आता बाळगण्याचे कारण नाही. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४ अ आले. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्तावर नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचाराची सोय आहे. रुग्णालयात जखमीच्या नातेवाईकांनी तिची चौकशी अवश्य करावी.

एक काम आजच

व्यापारी बंधूंनो, आपण हिशेबाची वही रोज लिहितो. तिच्या शेवटच्या पानावर आपल्या नेहमीच्या वाटेची गावे क्रमाने लिहून काढावीत. प्रत्येकापुढे तालुका आणि जिल्हा लिहावा, मधले पूल आणि शाळा लिहाव्यात. वर मदतीचे चार क्रमांक आणि खाली आपला रक्तगट व घरचा फोन लिहावा. त्याची एक नक्कल गाडीत चिकटवावी. या कामाला अर्धा तास पुरतो आणि पैसा लागत नाही.

त्या रात्री तो शेतकरी नसता तर काय झाले असते, हा विचार आजही आमच्या मनात येतो. आता आम्ही त्या वाटेने जातो तेव्हा दगडावरचा आकडा वाचत जातो, आणि त्या पुलाचे नाव आम्हाला पाठ आहे.