किती उंचावरून पडलात, हा प्रश्नच अपुरा आहे

पीएच.डी.च्या इंटरव्ह्यूत बहुतेक वेळा येणारा एक प्रश्न: "तुम्ही नेमकं काय मोजणार आहात, आणि तेच का?" पेट किंवा सेट चांगल्या मार्कांनी पास झालेलेही इथे अडखळतात. 'काय' पाठ असतं, 'तेच का' याचा विचार केलेला नसतो. आज हा प्रश्न आपण प्रयोगशाळेऐवजी कातळावर नेऊन बघू. कातळ आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, म्हणजे अकोले तालुक्यातला. आणि विषय आहे मल्टि-पिच स्पोर्ट क्लाइंबिंग, जे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली साधारण आठवडाभरात शिकवलं जातं.

आधी शब्द समजून घेऊ

स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये कातळात बोल्ट आधीच बसवलेले असतात. पुढे चढणारा म्हणजे लीडर. तो प्रत्येक बोल्टला क्विकड्रॉ लावतो, त्यात रोप अडकवतो आणि पुढे सरकतो. खाली उभा असलेला बिलेअर रोप सोडत राहतो आणि लीडर पडला तर रोखतो. रोप साधारण ६० ते ७० मीटरचा असतो. कडा त्याहून उंच असेल तर चढाई टप्प्याटप्प्याने करावी लागते. एक टप्पा म्हणजे एक पिच. पिच संपली की लीडर दोन बोल्टवर अँकर लावतो, त्याला स्टेशन म्हणतात. तिथून तो जोडीदाराला वर घेतो, मग दुसरी पिच सुरू होते. आता बिलेअर जमिनीवर नसतो, तोही कड्यावर लटकलेला असतो. खरा फरक इथे पडतो.

चार मीटर आणि चार मीटर

दोन प्रसंग घ्या. पहिल्यात लीडर बिलेअरपासून २० मीटर वर आहे आणि शेवटचा बोल्ट त्याच्या २ मीटर खाली आहे. पाय सुटला तर तो बोल्टपर्यंत २ आणि बोल्टखाली २, असा ४ मीटर पडेल. दुसऱ्या प्रसंगात त्याने नुकतंच स्टेशन सोडलं आहे. तो २ मीटर वर आहे आणि अजून एकही बोल्ट क्लिप केलेला नाही. पडला तर स्टेशनपर्यंत २ आणि स्टेशनच्या खाली २. तेही ४ मीटरच.

मग दोन्ही पडणं सारखंच का? नाही. रोप म्हणजे एक लांब स्प्रिंग समजा. पडणाऱ्या माणसाची ऊर्जा पडण्याच्या उंचीवर अवलंबून असते. ती ऊर्जा शोषायची रोपची क्षमता त्याच्या लांबीवर अवलंबून असते, कारण दुप्पट लांबीचा रोप तेवढ्याच ताणाला दुप्पट लांबतो. म्हणून रोपवर कमाल ताण किती येईल हे एकट्या उंचीवरून ठरत नाही. पडण्याची उंची भागिले वापरात असलेल्या रोपची लांबी, हे गुणोत्तर लागतं. त्याला फॉल फॅक्टर म्हणतात. पहिल्या प्रसंगात ४ भागिले २०, म्हणजे ०.२. दुसऱ्यात ४ भागिले २, म्हणजे २.

आता आकडे बघू. गिर्यारोहणाची आंतरराष्ट्रीय संघटना यूआयएए हिच्या चाचणीत सिंगल रोपवर ८० किलोचं वजन सुमारे १.७७ फॅक्टरने पाडतात. पहिल्या पडण्याचा ताण १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये आणि रोपने किमान ५ वेळा तरी हे पडणं सोसलं पाहिजे. समजा तुमच्या रोपवर या चाचणीत ९ किलोन्यूटन ताण आला. साध्या स्प्रिंगच्या गणिताने त्याच रोपवर, त्याच वजनाला, ०.२ फॅक्टरला सुमारे ३.६ किलोन्यूटन येतात आणि २ फॅक्टरला सुमारे ९.५. १ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलोचं वजन. उंची तीच, पण एकदा साडेतीनशे किलोच्या आसपास आणि एकदा साडेनऊशे! फॅक्टर दहापट झाला तरी ताण दहापट झाला नाही, कारण सूत्रात फॅक्टर वर्गमुळाखाली आहे. हे गणित स्वतः मांडून बघा, बारावीची ऊर्जा अक्षय्यता पुरते.

दुसऱ्या प्रसंगात आणखी एक गोष्ट घडते. मध्ये एकही क्विकड्रॉ नसल्याने सगळा धक्का थेट बिलेअरवर आणि स्टेशनवर येतो. म्हणजे मल्टि-पिचमध्ये पोटात गोळा येतो तो खाली शे-दीडशे मीटर दरी दिसते तेव्हा, पण रोप आणि अँकरसाठी सर्वांत कठीण क्षण असतो नव्या पिचच्या पहिल्या दोन-तीन मीटरांचा. म्हणूनच प्रशिक्षक स्टेशन सोडल्याबरोबर पहिला बोल्ट क्लिप करायला लावतात. तो बोल्ट स्टेशनच्या २ मीटर वर असेल आणि लीडर त्याच्या १ मीटर वरून पडला, तर पडणं २ मीटर, रोप ३ मीटर, फॅक्टर ०.६७. एका क्लिपने एवढा फरक पडतो.

दोन बोल्ट खरंच दोन आहेत का?

स्टेशनला दोन बोल्ट का? एक निघाला तर दुसरा असतो म्हणून. निव्वळ उदाहरणादाखल धरू की एक बोल्ट निकामी होण्याची शक्यता १००० मध्ये १ आहे. मग दोन्ही एकदम निकामी होण्याची शक्यता १० लाखांत १, बरोबर? बरोबर, पण एका अटीवर: दोन्ही बोल्ट एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत.

इथे आपला कातळ मध्ये येतो. हरिश्चंद्रगड, रतनगड, १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, हे सगळं दख्खनच्या पठाराचं बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचले. 'ट्रॅप' हा शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांसाठीच्या शब्दावरून आला. प्रत्येक थराचा मधला भाग बहुधा घट्ट असतो, पण त्यात थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा असतात. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो आणि त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं भरलेली असतात. दोन थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीचा मऊ पट्टा सापडतो. म्हणजे हातभर अंतरावर कातळाचा स्वभाव बदलू शकतो.

आता समजा दोन्ही बोल्ट भेगांनी सुट्या झालेल्या एकाच फळीवर ठोकले आहेत आणि ती फळीच निघण्याची शक्यता २००० मध्ये १ आहे. मग तुमचं ते १० लाखांत १ कागदावरच राहिलं. धोका त्याच्या निदान ५०० पट झाला. कोर्समध्ये हातोडीने कातळ वाजवून बघायला शिकवतात ते याचसाठी. खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद वाजला तर तिथे काही लावायचं नाही.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा कुठेही शेतीविषयक संशोधन करणार असाल तर हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. एकाच वाफ्यातली पाच झाडं मोजली म्हणजे पाच रेप्लिकेशन होत नाहीत. वाफ्याला पाणी कमी पडलं तर पाचही झाडं एकदम सुकतात. जीवशास्त्रात एकाच फ्लास्कमधून तीन नमुने काढून 'तीन' लिहिणं हाही तोच प्रकार. ते एका फळीवरचे तीन बोल्ट आहेत.

आठवड्याचा क्रम असा का?

पहिले दोन दिवस साधारणपणे गाठी, बिले, उपकरणांची तपासणी आणि बुटक्या कातळावर सराव यांत जातात. मग लीड करणं, आणि मुद्दाम, देखरेखीखाली पडून बघणं. त्यानंतर स्टेशन लावणं, तेही आधी जमिनीवर उभं राहून. दोन बोल्टांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर एकूण भाराच्या ५८ टक्के येतो. १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के, म्हणजे भार वाटून घेण्याचा फायदा शून्य. हे हाताने करून बघितल्याशिवाय लक्षात राहत नाही. मग रॅपलिंग, अडकलेल्या जोडीदाराला मदत आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत दोन-तीन पिचची चढाई. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा फोटोत बघून कोणी नाव नोंदवत असेल तर सांगून ठेवतो: आत वळलेला तो प्रचंड कडा अनुभवी टीमसाठी आहे, आठवड्याच्या कोर्ससाठी नाही.

नाव नोंदवण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. एका प्रशिक्षकामागे किती जण असतील? बोल्ट शेवटचे कोणी आणि कधी तपासले? रोप किती जुना आहे आणि त्याची नोंद ठेवली आहे का? कड्यावर आग्या मोहोळ आहे का? सह्याद्रीत शेवटचा प्रश्न गंमत नाही, कारण रोपवर लटकलेला माणूस मधमाश्यांपासून पळू शकत नाही. आणि पावसाळ्यात कोर्स कोणी ठेवत असेल तर जाऊ नका.

मॉडेल कुठे थांबतं

संशोधकाने हे सांगायलाच हवं. वरच्या गणितात बिले पूर्ण घट्ट धरलेला आहे. प्रत्यक्षात रोप थोडा सरकतो, बिलेअर उचलला जातो, म्हणून ताण कमी येतो. उलट रोप वेड्यावाकड्या क्विकड्रॉमधून गेला असेल तर घर्षणामुळे त्याची पूर्ण लांबी ताणली जात नाही आणि खरा फॅक्टर वाढतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फॉल फॅक्टर रोपवरचा ताण सांगतो, तुमच्या घोट्याचं काय होईल ते सांगत नाही. आपला कातळ पायऱ्यांचा आहे. फॅक्टर ०.२ असतानाही चार मीटर खाली टप्पा असेल तर पाय मोडू शकतो. तिथे पुन्हा उंचीच मोजावी लागते.

म्हणजे योग्य राशी एकच नसते, ती प्रश्नाबरोबर बदलते. रोप तुटेल का विचारलं तर गुणोत्तर बघा, टप्प्यावर आपटेन का विचारलं तर उंची बघा, स्टेशन टिकेल का विचारलं तर बोल्टांचं स्वातंत्र्य बघा. आता तुमचा सिनॉप्सिस उघडा. मोजणार असलेल्या प्रत्येक राशीपुढे ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते ते एका वाक्यात लिहा. मग नमुन्यांच्या संख्येखाली लिहा: हे सगळे एकदम बिघडतील असं काय घडू शकतं? या दोन ओळी लिहिता आल्या, तर इंटरव्ह्यूतल्या 'तेच का' याचं उत्तर तुमच्याजवळ तयार असेल.