ध्यानांत देहाची कुरकुर

पहाटेची वेळ. घर अद्याप निजलेलें असतें. देवघरांत समई लावून, पाटावर धाबळीची घडी टाकून साधक बसतो आणि डोळे मिटतो. पहिलीं पांच-सात मिनिटें बरीं जातात. मग डाव्या गुडघ्यांतून एक बारीक कळ निघते. तिच्याकडे दुर्लक्ष करावें तों पाठीला रग लागते, घोट्यापाशीं मुंग्या येऊं लागतात, नाकाच्या शेंड्यावर खाज सुटते. ज्याचा शोध घ्यावयास बसावें तो आत्मा दूरच राहतो आणि सारें चित्त त्या गुडघ्यापाशीं जाऊन ठाण मांडतें. अर्ध्या तासानें साधक उठतो तो शांत होऊन नव्हे, तर 'सुटलों एकदाचे' अशा भावनेनें.

हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा असेल. अध्यात्मावरील पुस्तकें ब्रह्माविषयीं विस्तारानें बोलतात. गुडघ्याविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. त्यामुळें साधकाच्या मनांत दोन टोकांच्या समजुती घर करून राहतात. एक अशी कीं, वेदना सोसणें हेंच तप. जो हलला तो हरला. दुसरी अशी कीं, आपणांस इतकें दुखतें त्या अर्थीं ध्यान हें आपलें काम नव्हे. आमच्या मतें दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या आहेत. देहाच्या सर्व तक्रारी एका जातीच्या नसतात. कांहीं तक्रारी आसन सुधारा म्हणून सांगतात; कांहीं नुसत्या पाहावयाच्या असतात; आणि थोड्या अशा असतात कीं, त्या घेऊन डॉक्टरांकडेच गेलें पाहिजे. कोणती तक्रार कोणत्या जातीची हें ओळखणें हाहि साधनेचाच एक भाग आहे.

प्राचीनांची दृष्टि

आपल्या शास्त्रकारांनीं देहाची उपेक्षा केली होती असें नाहीं. पतंजलींनीं योगसूत्रांच्या पहिल्या पादांत चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत व्याधीचें नांव सर्वांआधीं येतें. त्या अंतरायांच्या सोबत्यांत अंगाचा कंप आणि श्वासाची अव्यवस्था ह्यांचाहि त्यांनीं स्पष्ट उल्लेख केला आहे. आसनाची व्याख्या करतांना तर त्यांनीं स्थैर्याच्या जोडीला सुखाला बसविलें, आणि आसन साधावयाचें तें प्रयत्न शिथिल करून, असें सांगितलें. गीतेच्या सहाव्या अध्यायांत आसन फार उंच नसावें, फार सखल नसावें, त्यावर काय अंथरावें, धड, मान व मस्तक कसें धरावें, इतका बारीक विचार आहे. आणि अति खाणाऱ्याला किंवा अगदीं उपाशी राहणाऱ्याला योग साधत नाहीं, हेंहि तेथेंच सांगितलें आहे.

याहून मौजेची गोष्ट व्यासभाष्यांत आहे. भाष्यकारांनीं पद्मासन, वीरासन, स्वस्तिकासन इत्यादि आसनें मोजतां मोजतां 'सोपाश्रय' असें एक नांव घेतलें आहे. सोपाश्रय म्हणजे आधार घेऊन बसणें. हंपी येथें कृष्णदेवरायाच्या कारकीर्दींत १५२८ सालीं कोरलेली नरसिंहाची जी प्रचंड मूर्ति आहे, तिच्या गुडघ्यांशीं एक रुंद पट्टा आपणांस दिसतो. तो योगपट्ट होय. प्रत्यक्ष नरसिंहाला ज्या आधाराची लाज वाटली नाहीं, ती आपण कां बाळगावी?

आमची फजिती

ही लाज आम्हीं मात्र एके काळीं मनापासून बाळगली होती. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका चातुर्मासांत आम्हीं नेम धरला कीं, रोज पहाटे एक तास पद्मासनांत, तिळमात्र न हलतां बसावयाचें. दिवसाचे आठ तास कचेरींत खुर्चीवर काढणाऱ्या माणसाचा हा नेम! पहिला पंधरवडा दांतओठ खाऊन काढला. तिसऱ्या आठवड्यांत एके सकाळीं दाराची घंटा वाजली म्हणून आम्ही लगबगीनें उठलों. डाव्या पायाला संवेदनाच नव्हती. पाऊल मुडपलें आणि आम्ही देवघराच्या उंबऱ्यावर आडवे झालों. घोटा सुजून टम्म झाला. पुढें तीन आठवडे ध्यान तर राहोच, चालणेंहि दुर्मिळ झालें.

आमच्या काकू आंबेहळदीचा लेप घेऊन आल्या आणि लेप लावतां लावतां एवढेंच म्हणाल्या, "अरे, तूं देवापुढें बसतोस कीं देवाशीं पैज लावतोस?" काकूंनीं स्वतः अनेक वर्षें जप केला होता, पण तो भिंतीला पाठ टेकून, एक पाय मुडपून आणि दुसरा सैल सोडून. व्यासभाष्य त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. परंतु सोपाश्रय आसन त्यांना आमच्याआधीं साधलें होतें, हें आम्हांस फार उशीरा उमगलें.

आसनाचे दोष

पहिल्या जातीच्या तक्रारी बहुधा बसण्याच्या पद्धतींतून निघतात. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा दुमडणारा सांधा आहे. फिरण्याचें काम खुब्याचें. पूर्वीं जेवणें, निवडणें-टिपणें, लिहिणें, सर्व जमिनीवरच होई, म्हणून खुबे मोकळे राहत. आज मुलांचा अभ्यास टेबलाशीं, वडील मंडळींचें काम संगणकापुढें आणि जेवणहि खुर्चीवर. ताठलेला खुबा फिरत नाहीं. मग मांडी घालतांना तो पीळ गुडघ्यावर पडतो आणि आंतील कूर्चेला इजा होऊं शकते. यावर उपाय साधा आहे. बैठक चार-सहा बोटें उंच करावी, म्हणजे गुडघे कमरेच्या खालच्या पातळींत येतात आणि कणा आपोआप सरळ होतो. गुडघे अधांतरीं राहत असतील तर त्यांच्याखालीं घडी केलेलें पांघरूण सारावें. पद्मासनाचा आग्रह सोडून साधी मांडी घालावी. ज्यांचे गुडघे झिजले आहेत अशा वडीलधाऱ्या मंडळींनीं ताठ पाठीच्या खुर्चीवर, तळवे जमिनीला टेकवून खुशाल बसावें. त्यानें ध्यानांत काडीचेंहि उणें येत नाहीं.

मुंग्या येण्याचें कारण रक्त अडणें हेंच, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मज्जातंतूंवर पडणारा दाब हें त्याचें मोठें कारण असतें. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस एक मज्जातंतु हाडाला अगदीं लागून जातो. मांडी घातली कीं तो सहज दाबला जातो. दाब सुटला कीं थोड्याच वेळांत पाय पूर्ववत होतो. मात्र पाय पुरता जागा होईपर्यंत उठूं नये. आधीं पाय लांब करावे, बोटें हलवावीं, आणि मगच आधार धरून उभें राहावें. हा नियम आम्हीं घोट्याचें मोल देऊन शिकलों आहों.

कपाळावर दडपण येणें, जबडा आवळणें, डोळे दुखणें ह्या तक्रारींचें मूळ बहुधा अतिप्रयत्नांत असतें. भ्रूमध्यावर लक्ष ठेवा असें सांगितलें कीं नवा साधक डोळेच तिकडे ताणून धरतो. लक्ष द्यावयाचें तें मनानें, डोळ्यांच्या स्नायूंनीं नव्हे. श्वासाचेंहि तसेंच. जोरजोरानें श्वास घेत राहिल्यास रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायु कमी होतो. मग चक्कर येते, ओठांभोंवतीं व बोटांच्या टोकांना झिणझिण्या येतात. श्वास सहज चालूं दिला कीं हें थांबतें. रक्तदाब वाढलेल्यांनीं व हृद्रोग्यांनीं दीर्घ कुंभक वैद्यकीय सल्ल्यावांचून करूं नये.

डुलकी लागतां लागतां अंगाला बसणारा झटका तर पुष्कळांना रात्रीं अंथरुणावरहि अनुभवास येतो. झिणझिणी आली, उष्णता वाटली कीं लगेच 'कुंडलिनी जागृत झाली' असें म्हणून भयभीत होणारे किंवा हुरळून जाणारे साधक आम्हीं पाहिले आहेत. कुंडलिनीच्या शास्त्राविषयीं आम्हांस आदरच आहे. म्हणूनच साध्या ताणाला तिचें नांव देण्याची घाई करूं नये असें आम्ही म्हणतों.

पाहण्याची कला

आसन सुधारलें, श्वास मोकळा केला, तरी कांहीं कुरकुर उरतेच. येथून खरें ध्यान सुरू होतें. पाली वाङ्मयांत बुद्धाचा एक दृष्टान्त आहे. माणसाला एक बाण लागतो, तो देहाच्या वेदनेचा. आणि त्यावर चडफडून तो स्वतःला दुसरा बाण मारून घेतो, तो मनाच्या दुःखाचा. पहिला चुकविणें सदैव आपल्या हातीं नसतें. दुसरा चुकवितां येतो.

आपल्या नाशिक जिल्ह्यांत इगतपुरी येथें धम्मगिरीवर हीच विद्या दहा दिवसांच्या शिबिरांतून शिकविली जाते. तिचे आचार्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) हे ब्रह्मदेशांत मंडाले येथें जन्मले. अर्धशिशीच्या असह्य विकारानें गांजून ते १९५५ सालीं रंगून येथें सयाजी ऊ बा खिन ह्यांच्याकडे गेले. डोकेदुखीवर औषध म्हणून ही साधना मी देणार नाहीं, चित्तशुद्धीसाठीं येत असाल तर या, अशा अर्थाचें उत्तर गुरूंनीं त्यांस दिलें. ह्या उत्तरांत मोठें मर्म आहे. वेदना घालविण्यासाठीं जो बसतो तो वेदनेलाच चिकटून बसतो. धम्मगिरीच्या शिबिरांत पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहावयाचा असतो. चौथ्या दिवसापासून अंगावरील संवेदना क्रमानें पाहावयाच्या, आणि सामूहिक साधनेच्या एका तासांत शक्य तों हात, पाय व डोळे न हलविण्याचें अधिष्ठान करावयाचें. उद्देश देहाला छळण्याचा नाहीं. सुखद संवेदनेची ओढ आणि दुःखद संवेदनेचा तिटकारा ह्या दोहोंतून मनाला सोडविण्याचा आहे.

आधुनिक प्रयोगांनींहि ह्या भेदाला पुष्टि दिली आहे. अमेरिकेंत २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पंधरा निरोगी व्यक्तींना चार दिवस, रोज वीस मिनिटें ध्यान शिकविलें आणि त्यांच्या पायाला सोसवेल इतपत चटका देऊन पाहिला. ध्यानस्थ असतांना वेदनेची तीव्रता सुमारें ४० टक्क्यांनीं कमी भासली. परंतु तिचा अप्रियपणा ५७ टक्क्यांनीं घटला. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठे सिद्धान्त बांधूं नयेत. तथापि दुखणें आणि दुखण्याचा जाच ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढें त्यावरून दिसतें.

घरीं हें कसें करावें? कळ उठली कीं लगेच हलूं नये आणि झगडूंहि नये. आधीं जबडा, खांदे व पोट सैल सोडावें. मग वेदनेकडे परक्याच्या दृष्टीनें पाहावें: ती नेमकी कोठें आहे, टोंचते कीं ठणकते, वाढते कीं ओसरते? पाहतां पाहतां असें ध्यानांत येतें कीं, जिला आपण एक अखंड दगड समजत होतों ती वेदना क्षणाक्षणाला पालटत आहे. खाजेच्या बाबतींत हें फार लवकर कळतें. न खाजवितां पाहिल्यास ती पुष्कळदां आपोआप विरते. इतकें करूनहि वेदना वाढतच राहिली, तर हलण्याचा निश्चय जाणीवपूर्वक करावा, सावकाश पाय बदलावा आणि तेंहि पाहावें. असें हलणें हा ध्यानभंग नव्हे. चिडून, नकळत हलणें हाच खरा भंग.

कोठें थांबावें

आतां तिसरी जात. गुडघ्यांत सुरी खुपसल्यासारखी कळ येणें, तो सुजणें किंवा अडकणें. उठल्यावर बऱ्याच वेळानेंहि बधिरता न जाणें किंवा पाऊल वर न उचलणें. एकाच पोटरीला सूज व ठणका येणें. छातींत दडपण, दम लागणें, वेदना हातांत वा जबड्यांत उतरणें. एकाएकीं भयंकर डोकें दुखणें. शुद्ध हरपणें, ह्यांपैकीं कांहींहि झाल्यास तें साक्षित्वाचा विषय करूं नये. तात्काळ उठावें आणि डॉक्टरांस गांठावें. छातीच्या दुखण्यांत तर एक मिनिटाचाहि विलंब नको. मधुमेहानें ज्यांच्या तळपायांची संवेदना मंदावली आहे त्यांनीं विशेष जपावें, कारण त्यांचा पाय तक्रारच करीत नाहीं. तसेंच झोंप उडणें, आवाज ऐकूं येणें, अकारण भीतीनें ग्रासणें असें होऊं लागल्यास ध्यान बंद करून मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

ह्या कामीं घरांतील मंडळींचेंहि कर्तव्य आहे. सासूबाईंनीं सुनेला, सुनेनें सासूबाईंना दिवसांतून अर्धा तास निर्वेध मिळूं द्यावा. त्या वेळांत दाराची घंटा दुसऱ्यानें पाहावी. मुलांना आठवड्यांतून चार दिवस तरी जमिनीवर मांडी घालून जेवावयास बसवावें, म्हणजे त्यांचे खुबे मोकळे राहतील. आणि कोणी भिंतीला टेकून जप करीत असेल तर त्याला हंसूं नये.

आमचे पद्मासन आतां सुटलें आहे. साधी मांडी, उंच बैठक, गुडघ्याखालीं जुनी चौघडी आणि पाठीमागें भिंत, असा आमचा सध्यांचा थाट असतो. गुडघा अजूनहि कुरकुरतो. आम्ही त्याची विचारपूस करतों, लागलेंच तर पाय बदलतों, आणि पुन्हां श्वासाकडे वळतों. काकू आज नाहींत; परंतु त्यांच्या पाठीच्या घांसण्यानें भिंतीवर पडलेला गुळगुळीत डाग तसाच आहे, आणि रंग देतांना तेवढी जागा आम्हीं मुद्दाम सोडली आहे.